काचकाकांची ब्रेकेजची वही

रसायनशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांचं आपापसांत फारसं पटत नसे, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. काचकाकांच्या तोंडी लागायचं नाही.

काचकाका म्हणजे विभागाचे स्टोअरकीपर. तळमजल्यावर प्रयोगशाळेला लागून एक लांबट खोली, तिला प्रयोगशाळेच्या बाजूने एक खिडकी आणि त्या खिडकीत काचकाका. आत छतापर्यंत फडताळं, त्यांत बीकर, फ्लास्क, ब्युरेट, पिपेट असं सगळं उंचीप्रमाणे ओळीने उभं. बीकरला शाळेच्या पुस्तकातल्यासारखं ‘चंचुपात्र’ म्हणणारा माणूस काकांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाच पाहिला. तो तपासणीला आलेला साहेब होता आणि जाता जाता त्यानेही एक फोडलंच.

काचेवर काकांचा भारी जीव. पोटच्या पोरांची तोंडं कुणी इतक्या मायेने पुसत नसेल तितक्या मायेने ते फ्लास्क पुसायचे. मुलं खिडकीशी आली की हातात वस्तू देताना एक सूचना, परत घेताना एक बोलणी, आणि फुटली असेल तर विचारूच नका. तळपायाची आग मस्तकात जायची. मग ते ब्रेकेजची वही काढायचे.

ही वही म्हणजे विभागातलं सगळ्यात भीतिदायक पुस्तक. तारीख, वस्तू, नाव आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारण ज्याचं त्याने आपल्या हाताने लिहायचं. मुलं काय वाटेल ते लिहायची. ‘आधीच तडा होता.’ ‘शेजारच्याने हसवलं.’ एकाने तर ‘वारा’ असं लिहिलं होतं, खिडक्या बंद असताना. एका सत्रात दहा नोंदी झाल्या की त्या विद्यार्थ्याचं प्रात्यक्षिक बंद, म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे सत्र पाण्यात. नियम काकांनी केलेला नव्हता, पण तो पाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. वही दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर जायची. त्यात कधी खाडाखोड नसे, की कधी एखादी नोंद गाळलेली नसे. फुटलेली काचही काका दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. पोरं वरवर झाडून मोकळी होतात आणि आठ दिवसांनी कुणाच्या तरी चपलेत तुकडा घुसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

तर अशा या काकांच्या वहीत त्या वर्षी एका मुलीने ठाण मांडलं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी, उंच, अबोल. पहिल्या सत्रात तिच्या नावावर एकही नोंद नव्हती. काकांनी तिला तेव्हा मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली होती. मनातल्या मनातच, कारण उघड शाबासकी देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं आणि पोरीच्या हाताला काय झालं कोण जाणे. पहिल्या आठवड्यात बीकर. दुसऱ्या आठवड्यात मोजपात्र आणि लगेच दोन दिवसांनी नवीकोरी ब्युरेट. चौथ्या वेळी बाटल्यांच्या स्टँडसकट तीन बाटल्या खाली आल्या, तेव्हा काका खिडकीतून अर्धे बाहेर येऊन सगळ्या वर्गासमोर ओरडले, “अहो भूकंपबाई! टेबल तरी शिल्लक ठेवा!”

वर्ग खो खो हसला. आणि नाव चिकटलं. वर्गाला असं काही आयतं मिळालं की तो सोडतोय थोडाच? तिने स्टूल ओढलं की मागून कुणीतरी म्हणायचं, “भूकंप आला, बाटल्या धरा.” ती हसण्यासारखं काहीतरी करायची आणि खाली बघायची. काकांना हे ऐकू यायचं. आपण दिलेलं नाव चालतंय म्हटल्यावर त्यांना सुरुवातीला जरा बरंही वाटलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हेच त्यांना आतून खात राहिलं.

सत्र संपायला महिना उरला तेव्हा तिच्या नावावर नऊ नोंदी झाल्या होत्या. आणखी एक वस्तू फुटली की खेळ खलास.

त्याच सुमाराला काकांच्या घरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन काकूंचं, पण धावपळ अशी की जणू काकांचंच. काकू शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. काकांचा राग नाकावर असेल, तर काकूंचं उत्तर ओठांवर. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. काकांनी चहा करून कप त्यांच्यासमोर ठेवला. काकूंनी वर्तमानपत्राकडे हात नेला आणि कोपराने कप सरळ जमिनीवर.

“डोळे कुठे आहेत तुझे?” काका सवयीने खेकसले.

“एक इथे आहे आणि एक पट्टीखाली,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कुठला विचारताय?”

काका फडकं घेऊन खाली बसले. तुकडे गोळा करता करता म्हणाले, “अगं, पण एवढा मोठा कप दिसला नाही?”

“या बाजूचं काहीच दिसत नाही हो. तुम्ही या बाजूने येता तेव्हा आवाज येईपर्यंत तुम्हीसुद्धा दिसत नाही. तेवढंच सुख.”

काका हसले नाहीत. हातात कपाचा कान धरून ते तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरीच जमीन होती. प्रयोगशाळेतली. त्या मुलीने फोडलेली प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली होती. बीकर, मोजपात्र, ब्युरेट, बाटल्या. सगळे तुकडे तिच्या स्टुलाच्या डाव्या बाजूला. उजवीकडून त्यांनी कधी एक कणही उचलला नव्हता. आणि कारणाच्या रकान्यात तिने नऊच्या नऊ वेळा तेच लिहिलं होतं, ‘धक्का लागला.’ हातातून निसटलं असं एकदाही नाही. अठ्ठावीस वर्षं आपण ही वही लिहून घेतोय, पण वाचली कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. गाढव आहे मी.”

“ते मला माहीत आहे. आज काय नवीन?”

त्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वेळी काकांनी खिडकी सोडली नाही. डाव्या बाजूच्या मैत्रिणीने पेन मागितलं, तर मुलगी नुसती नजर वळवत नव्हती, अख्खी मान फिरवून बघत होती. बाटली उचलायची तर आधी टेबलावरून बोटं सरकवत नेऊन तिला गाठत होती. पिपेटमधली पातळी बघताना पिपेट पार उजव्या डोळ्यासमोर धरत होती. इतक्या उघड गोष्टी, आणि इथे चार चार पदव्या घेतलेली माणसं दिवसभर फिरत होती! काकांना त्या सगळ्यांचा राग आला. मग आठवलं की खिडकीतून तर आपणच सगळ्यात जवळ होतो.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला खिडकीशी थांबवून घेतलं. बाकीचे गेले. तिने आधीच चेहरा पाडला होता. नऊ नोंदींवरून बोलणी खायची तयारी.

“डावा डोळा कधीपासून?” काकांनी विचारलं. आवाज हळू करायचा प्रयत्न केला होता, पण सवय नसल्याने तो दमात घेतल्यासारखाच आला.

मुलगी एकदम रडायलाच लागली. काकांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं. त्यांनी फ्लास्क पुसायचं स्वच्छ फडकं पुढे केलं. या फडक्याला ते इतर कुणालाही हात लावू देत नसत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुट्टीत घरी असताना डोळ्यासमोर काळा पडदा सरकल्यासारखं झालं. दवाखान्यात जाईपर्यंत दोन दिवस गेले. ऑपरेशन केलं, पण उपयोग झाला नाही. डोळा दिसायला चांगला, पण त्याने आता काही दिसत नाही. वडील म्हणाले, शिक्षण बस झालं, काहीतरी सोपं बघ. ती भांडून परत आली. घरी सांगून आली होती की मला काही अडचण येत नाही.

“आणि इथे का नाही सांगितलंस?”

“प्रवेशाच्या अर्जावर लिहून दिलंय मी काका. प्रयोगशाळेत काम करायला शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे म्हणून. खाली सही आहे माझी. आता कळलं तर काढून टाकतील ना? खोटं लिहिलं म्हणतील.”

“लिहिलंस तेव्हा डोळा चांगला होता ना?”

“हो. पण आता नाहीये. काका, प्लीज कुणाला सांगू नका. मॅडमना तर नाहीच.”

काका कात्रीत सापडले. सांगावं तर पोरीचा विश्वास जातो, न सांगावं तर दहावी वस्तू आज ना उद्या फुटणारच. शेवटी त्यांनी शब्द दिला. “तू सांगेपर्यंत माझ्या तोंडातून निघणार नाही. पण नियम काय आहे ते तरी मला विचारून येऊ दे. तुझं नाव न घेता.”

मुख्य इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, खेळाच्या सामानाच्या खोलीमागे ‘विद्यार्थी सहाय्य कक्ष’ होता. त्याचं नाव काकांनी सूचनाफलकावर वाचलेलं, पण त्यांचा कधी तिथे जायचा संबंध आला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते जिने चढून गेले. आत तिशीतली एक समुपदेशक ताई बसली होती. पांढऱ्या केसांचा, खाकी कोट घातलेला माणूस धापा टाकत आत आलेला पाहून ती उठून उभी राहिली.

“बसा ना. पाणी घ्या. कोणत्या वर्षाला आहात?”

“अं?”

“हल्ली बरेच जण या वयात प्रवेश घेतात. छान आहे. अभ्यासाचा ताण येतोय का?”

“अहो, मी स्टोअरकीपर आहे!” काका म्हणाले. “ताण मला नाही. माझ्या... माझ्या नात्यातली एक मुलगी आहे.”

“बरं,” ताई म्हणाली आणि समोरचा अर्ज बाजूला ठेवला. नात्यातल्या मुलीबद्दल विचारायला येणारी माणसं तिने बरीच पाहिली असावीत. तिने नातं विचारलं नाही.

काकांनी सांगितलं. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून आले होते, पण बोलता बोलता बीकर, ब्युरेट, स्टुलाची डावी बाजू, सगळंच आलं. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, “काका, अर्जातल्या त्या सक्षम असल्याच्या ओळीवरून कुणालाही काढत नाहीत. ती ओळ असते ती विभागाला आधीच कळावं म्हणून, म्हणजे तशी सोय करता येते. बसायची जागा बदलून मिळते. ओतायचं, मोजायचं काम असेल तेव्हा मदतनीस घेता येतो. परीक्षेला जास्त वेळ मिळतो. डॉक्टरांचं पत्र लागेल. आणि तिला स्वतःला यावं लागेल.”

“एवढंच?”

“एवढंच. पण तेच सगळ्यात अवघड असतं.” मग ती म्हणाली, “आणि नुसत्या प्रयोगाचंच नाही. एक डोळा गेलाय तिचा. त्याबद्दल ती कुणाशी बोललीय का?”

हा प्रश्न काकांना सुचलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात सगळा वेळ दहावी वस्तूच होती. जिना उतरताना त्यांना वाटलं, या खोलीची पाटी खाली, सगळ्यांना दिसेल अशी लावायला काय हरकत आहे? मग वाटलं, नको, दिसेल अशी असली तर पोरं जायचीच नाहीत.

मुलीला त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “बघते.” दोन दिवस गेले. ती खिडकीशी यायची, वस्तू घ्यायची, नजर टाळायची. काकांनी दोनदा आठवण केली, तर दोन्ही वेळा “आज नको काका.” त्यांचा जीव टांगणीला लागला होता. ते तिला बीकरही मळकट, तडे गेलेले, टाकायच्या लायकीचे देऊ लागले, म्हणजे फुटला तरी फुटकंच फुटलं म्हणता येईल. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली लबाडी, आणि तीसुद्धा धड जमली नाही. तिने तडा पाहून बीकर परत केला. “काका, हा फुटलेला आहे.”

गुरुवारी दुपारी फुटलंच. मोजून भरायचा मोठा फ्लास्क, लांब मानेचा. डावीकडे.

वर्गात कुणी हसलं नाही. दहा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका केरसुणी आणि सुपली घेऊन आले, तुकडे गोळा केले, फरशी ओल्या फडक्याने पुसली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. वर्ग पांगल्यावर ती खिडकीशी आली आणि स्वतःच वही पुढे ओढली.

“नका लिहू म्हणू का मी?” तिने विचारलं.

काकांना खरंच वाटलं की न लिहावं. कुणाला कळणार होतं? पण त्यांनी पेन पुढे केलं. “लिहावं लागेल, बाळ. माझ्यासमोर फुटलंय. पण वही उद्या सकाळी दहाला मॅडमकडे जाते. आत्ता तीन वाजलेत. वरची ताई साडेपाचपर्यंत असते.”

तिने नोंद केली आणि पेन परत दिलं. “तुम्ही याल?”

“खिडकी बंद करतो आणि येतो.”

जिन्यावर त्यांनी तिच्या डाव्या बाजूने चालायचं ठरवलं. कठडा उजवीकडे होता. खोलीच्या दारात ती थबकली तेव्हा काका म्हणाले, “मी इथे बाकावर बसतो. आत मला काही कळणार नाही.” दार लागलं. मग ते सव्वा तास तिथे बसले, खेळाच्या खोलीतून येणाऱ्या चेंडूच्या आवाजावर चिडत. आतून मधून मधून रडण्याचा आवाज यायचा. एकदा मात्र हसण्याचाही आला, आणि त्यांना खात्री वाटली की ते त्यांच्यावरच हसताहेत.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता वही मॅडमच्या टेबलावर होती, तिच्याशेजारी सुट्टीतल्या ऑपरेशनच्या वेळचं डॉक्टरांचं पत्र आणि समुपदेशक ताईचं पत्र. टेबलासमोर मुलगी उभी होती आणि दाराशी काका. मॅडमनी दोन्ही पत्रं दोनदा वाचली. मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या आणि त्या दिवशीही काही वेगळ्या दिसत नव्हत्या.

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

मुलीने काकांकडे पाहिलं नाही, ताईकडून शिकून आलेलंही काही म्हणाली नाही. “मॅडम, भीती वाटली. आणि नंतर सगळे इतके हसायचे की सांगायला जागाच उरली नाही.”

काका दाराची कडी बघत राहिले. ‘भूकंपबाई’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण त्यांना तो सबंध खोलीत ऐकू येत होता.

“नाव मी ठेवलं होतं,” ते एकदम म्हणाले. “माझं चुकलं.”

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. काचकाका चुकलो म्हणताहेत हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग वही पुढे ओढून मुलीला म्हणाल्या, “दहा नोंदी तशाच राहतील. फुटलंय ते फुटलंय. पण तुझी हरकत नसेल तर कारणाच्या रकान्यात खरं कारण लिही. प्रात्यक्षिक बंद होणार नाही. टेबलाच्या डाव्या टोकाला कोण बसतं? त्याला उठवा. तिथे डावीकडे नुसती भिंत आहे.”

मुलीचे खांदे खाली आले. सत्र वाचलं होतं.

मग मॅडमनी ताईने जोडलेला अर्ज उचलला. त्यात शेवटी एक चौकट होती. विद्यार्थ्याला अडचण आली तर विभागात प्रथम कुणाशी बोलावं, त्याचं नाव आणि सही. चौकटीत मुलीने आधीच लिहून ठेवलं होतं. मॅडमनी वाचलं आणि भुवया उंचावल्या.

“इथे प्राध्यापकाचं नाव घालतात.”

“ताई म्हणाल्या, विभागातलं कुणीही चालतं.”

मॅडमनी अर्ज काकांच्या पुढे केला. काकांनी खिशातला चष्मा काढून वाचलं. अक्षर तेच, ‘धक्का लागला’ लिहिणारं. चौकटीत त्यांचंच नाव होतं, खरं, जन्मदाखल्यावरचं. ते या विभागात कुणाला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“अगं, वेडी आहेस का? सगळ्यात जास्त तर मीच ओरडलोय तुझ्यावर.”

“हो,” ती म्हणाली. “पण काका, विचारलं फक्त तुम्हीच.”

सही कुठे करायची ते त्यांना दिसेना. मुलीने पुढे होऊन बोट ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी केली.